झाकून ठेवलेलं पाप: देवापुढं कबूल केलं की झालं, की माणसापुढंही?

माहीमकर
ईस्टरआधीचा उपवासकाळ आला की हा विषय निघतोच, म्हणून धागा काढतोय. दहा-पंधरा वर्षं दडपून ठेवलेलं एखादं पाप असेल आणि माणसाला आता खरोखर पश्चात्ताप झाला असेल, तर त्यानं नेमकं काय करायचं? कॅथोलिक म्हणतात फादरकडे जा. प्रॉटेस्टंट म्हणतात थेट देवाकडे. काही सभांमध्ये लोकांसमोर उभं राहून साक्ष द्यायला सांगतात. माझं मत असं की सगळीकडे कबुलीवर भर आहे, पण ज्याचं नुकसान केलं त्याच्या भरपाईबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

चर्चा हवेत राहू नये म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका हाउसिंग सोसायटीच्या खजिनदारानं ऑफिसच्या कपाटातले ५०,००० रुपये उचलले. संशय वॉचमनवर गेला आणि त्याला कामावरून काढलं. दहा वर्षं उलटली. खजिनदाराला आता हे सहन होत नाही. त्यानं कुठून सुरुवात करावी? ज्यांना आपापल्या चर्चची शिकवण नीट माहीत आहे त्यांनी तपशिलात लिहावं.

उत्तनकर
कॅथोलिक बाजू मांडतो. प्रायश्चित्त संस्काराचे चार भाग: मनापासून पश्चात्ताप, पापांची कबुली, धर्मगुरूनं दिलेली पापमुक्ती आणि प्रायश्चित्त, म्हणजे नेमून दिलेलं काम. पहिल्या भागात ‘पुन्हा करणार नाही’ हा निश्चय येतो. तो नसेल तर पुढचं सगळं पोकळ.

आता झाकलेल्या पापाबद्दल. पाप गंभीर ठरायला तीन गोष्टी एकत्र लागतात: बाब गंभीर असावी, ती गंभीर आहे हे माहीत असावं आणि ती स्वखुशीनं केलेली असावी. अशी सगळी पापं प्रकार आणि संख्या यांसह सांगायची असतात. ‘खोटं बोललो, रागावलो’ एवढं म्हणून भागत नाही. ‘ऑफिसची बिलं फुगवली, साधारण महिन्यातून एकदा, तीन वर्षं’ असं सांगायचं. नेमका आकडा आठवत नसेल तर अंदाज चालतो.

एखादं गंभीर पाप लाजेपायी मुद्दाम लपवलं, तर त्या वेळच्या कुमसारीत, म्हणजे फादरसमोरच्या कबुलीत, काहीच माफ होत नाही. सांगितलेली पापंही नाहीत. वर संस्काराचा अपमान केल्याचं नवं पाप जोडलं जातं. नंतर दुरुस्ती करायची तर जिथं लपवायला सुरुवात झाली तिथपासूनची सगळी गंभीर पापं पुन्हा सांगावी लागतात, आणि त्या स्थितीत ख्रिस्तप्रसाद (उपासनेत मिळणारी पवित्र भाकर) घेतला असेल तर तेही. लोक इथंच अडकतात. एक गोष्ट लपवली की पुढच्या खेपेला ती सांगणं दुप्पट अवघड होतं, आणि बघता बघता वीस वर्षं जातात.

प्रश्नचिन्ह
आणि खरंच विसरलं तर?

उत्तनकर
@प्रश्नचिन्ह, विसरलेलं पाप बाकीच्यांबरोबर माफ होतं. नंतर आठवलं तर पुढच्या वेळी सांगायचं, बस. तोवर ख्रिस्तप्रसाद घ्यायला हरकत नाही. विसरणं आणि लपवणं यांत गल्लत करून अनेक जण उगाच घाबरतात.

गिरगाव_मंडळी
आमच्याकडचं, म्हणजे प्रॉटेस्टंट बाजूचं, सांगतो. योहानाच्या पहिल्या पत्रात १:९ ला सरळ वचन आहे: आपण पापं कबूल केली तर देव विश्वासू आणि न्यायी आहे, तो क्षमा करील. मध्ये कुणी लागत नाही. दर रविवारी उपासनेत सामुदायिक पापांगीकार होतो आणि त्यानंतर पाळक (आमचे धर्मगुरू) क्षमेचं वचन ऐकवतात. इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकातल्या सकाळच्या प्रार्थनेत सामुदायिक पापांगीकार १५५२ सालापासून आहे. त्यातली एक ओळ मला फार महत्त्वाची वाटते: जे करायला हवं होतं ते आम्ही केलं नाही. केलेल्या पापांइतकीच न केलेल्या कर्तव्यांची कबुली.

पण आमच्या पद्धतीतली अडचणही सांगायला हवी. सगळ्यांनी मिळून ‘आम्ही पाप केलं’ म्हणताना आपलं विशिष्ट पाप त्या ‘आम्ही’मध्ये सहज लपतं. वाक्य तोंडून निघतं आणि मन सुखरूप राहतं. म्हणून पापांगीकाराआधी पाळकानं दोन-तीन मिनिटं शांतता ठेवली पाहिजे. बऱ्याच ठिकाणी ती दहा सेकंदांत उरकतात. तेवढ्या वेळात चष्मासुद्धा सापडत नाही.

आणखी एक. प्रॉटेस्टंटांनी खासगी कबुली टाकून दिली हा समज अर्धवट आहे. प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरनं १५२९ च्या छोट्या प्रश्नोत्तरीत ती कशी करायची हे लिहून ठेवलं. लूथरच्या अनुयायांच्या १५३० च्या आउग्सबुर्ग विश्वासप्रकटनाचं अकरावं कलम ती चालू ठेवा असं सांगतं, फक्त सगळी पापं मोजून सांगण्याची सक्ती नको म्हणतं. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, परंपरेतला दंडक आहे: सगळ्यांना करता येते, कुणावर सक्ती नाही, काहींनी करायलाच हवी. तुमचा खजिनदार त्या ‘काहीं’मध्ये मोडतो.

उत्तनकर
मध्ये कुणी लागत नाही हे पटत नाही. योहान २०:२३ मध्ये पुनरुत्थित प्रभू शिष्यांना सांगतो, तुम्ही ज्यांची पापं माफ कराल त्यांची माफ होतील, ज्यांची ठेवाल त्यांची तशीच राहतील. माफ करायचं की ठेवायचं हे न ऐकता कसं ठरवणार? आमच्याकडे वर्षातून किमान एकदा कबुलीचा नियम १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेपासून आहे. आजच्या चर्च कायद्याच्या कलम ९८९ मध्येही गंभीर पापं वर्षातून एकदा तरी सांगावीत असंच आहे.

गिरगाव_मंडळी
त्या वचनातला अधिकार सुवार्ता सांगण्याचा, सबंध मंडळीला दिलेला, असं आम्ही मानतो. यावर पाचशे वर्षं वाद झालाय, इथं मिटायचा नाही. मला खटकतं ते वेगळंच. ‘देवाला सांगितलंय’ हे वाक्य आमच्यात फार स्वस्त झालंय. देवाला आधीपासूनच माहीत असतं. त्याला सांगताना चेहरा लाल होत नाही.

चर्चगेट_स्लो
पवित्र आठवड्यात कुमसारीच्या लाइनीत मागची म्हातारी कान टवकारून उभी असते, त्याचं काय करायचं? :)

उत्तनकर
@चर्चगेट_स्लो, तिच्यासाठीही कायदा आहे! कलम ९८३ च्या दुसऱ्या भागानुसार, कबुली कुठल्याही प्रकारे कानावर पडलेली प्रत्येक व्यक्ती गुप्ततेला बांधील असते. दुभाषीसुद्धा. आजींना प्रेमानं सांगून ठेवा.

खरं म्हणजे पवित्र आठवडा ही जुनी गाठ सोडवायची वेळच नव्हे. मागं पन्नास माणसं असली की फादर माणशी दोन-तीन मिनिटं देऊ शकतात. बहुतेक पॅरिशमध्ये, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, शनिवारी संध्याकाळच्या मिस्साआधी (उपासनेआधी) फादर बसतात, वेळ नोटीस बोर्डावर असते. वर्षानुवर्षांचं असेल तर ऑफिसात फोन करून ‘अर्धा तास लागेल’ म्हणून वेगळी वेळ मागा. कारण कुणी विचारत नाही.

आत गेल्यावर शेवटची कुमसार कधी झाली ते सांगा आणि सगळ्यात जड पाप सगळ्यात आधी सांगा. जड पाप हलक्या पापांच्या मध्ये सरकवलं की ते पुटपुटलं जातं, फादरनाही नीट ऐकू जात नाही. तोंड उघडतच नसेल तर एवढंच म्हणा: ‘फादर, एक गोष्ट मी अनेक वर्षं लपवली आहे, मला विचारून मदत करा.’ पुढचं काम त्यांचं. दुसऱ्यांची नावं घ्यायची नाहीत. पत्नीचा स्वभाव, बॉसचा जाच, परिस्थिती यांची गाथाही नको. ती कबुली राहत नाही, कैफियत होते.

वसईची_आशा
एक बाजू राहून जातेय. बायकांना बंद जागेत एका पुरुषाला असलं सगळं सांगायचं म्हणजे धडकी भरते, आणि ती भीती खोटी नाही. २०१८ मध्ये केरळातल्या एका प्रकरणानंतर राष्ट्रीय महिला आयोगानं चर्चमधलं पापनिवेदन बंदच करावं अशी शिफारस केली होती. मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ग्रेशियस यांनी तिला उघड विरोध केला. बंदी नको हे मलाही मान्य आहे, पण आपले हक्क बायकांना माहीत हवेत.

कबुलीच्या जागी पक्की जाळी असलीच पाहिजे हे कलम ९६४ सांगतं. समोरासमोर बसायचा आग्रह कुणी धरू शकत नाही. कलम ९९१ प्रमाणे कुठल्याही धर्मगुरूकडे जाता येतं. आपल्या पॅरिशमध्ये नको वाटत असेल तर लोकल पकडा आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला जा. मुंबईत ती सोय आहे, तिचा फायदा घ्या. वासनेच्या पापांबद्दल प्रकार आणि संख्या सांगितली की पुरे, वर्णन द्यायचं नसतं. कुणी खोदून विचारू लागला तर उठून यायला पूर्ण मुभा आहे. आणि कबुलीच्या निमित्तानं कुणी धर्मगुरू लगट करू लागला तर तो चर्च कायद्यानं गंभीर गुन्हा आहे, कलम १३८५. गुप्ततेचं बंधन धर्मगुरूवर असतं, तुमच्यावर नाही. बिशपांकडे आणि पोलिसांकडे, दोन्हीकडे जाता येतं.

दुसरं, गर्भपात. हे पाप बायका म्हातारपणापर्यंत पोटात घेऊन जगतात, कारण ‘बिशपशिवाय माफी नाही’ असं कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सगळ्या धर्मगुरूंना ते पाप माफ करण्याचा अधिकार कायमचा दिला. शिवाय अठरा वर्षांखालच्या मुलीला, किंवा अशी शिक्षा असते हेच जिला स्वतःचा दोष नसताना ठाऊक नव्हतं तिला, चर्चमधून बहिष्काराची आपोआप होणारी शिक्षा लागूच होत नाही. जवळच्या कुठल्याही चर्चमध्ये जा. ज्या पुरुषानं हात धरून दवाखान्यात नेलं त्यालाही हेच पाप सांगायचं आहे. तो मात्र लाइनीत क्वचितच दिसतो.

माहीमकर
आशाताई, शेवटचं वाक्य ठळक अक्षरांत छापायला हवं.

फोर्ट_चेंबर
कायद्याची बाजू. फादरला सांगितलेलं चर्चच्या दृष्टीनं अभंग गुपित. धर्मगुरूनं ते थेट फोडलं तर त्याच्यावर आपोआप बहिष्कार पडतो. पण भारताच्या कायद्यात धर्मगुरू आणि कबुली देणारा यांच्यातल्या बोलण्याला वेगळं संरक्षण नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात नव्हतं, त्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही नाही. संरक्षण आहे ते वकील आणि अशील, तसंच नवरा-बायको यांच्यातल्या बोलण्याला.

लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचारात तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ आहे. माहिती असलेल्या प्रत्येकानं पोलिसांना कळवायचं, धर्मगुरू किंवा पाळक म्हणून सूट लिहिलेली नाही. इथं चर्चचा नियम आणि देशाचा कायदा समोरासमोर येतात. प्रॉटेस्टंट पाळकांनी तर समुपदेशन सुरू होण्याआधीच सांगावं: मुलाला धोका असेल तर मी गप्प बसणार नाही. आधी ‘काहीही सांग, कुणाला कळणार नाही’ म्हणायचं आणि मग कळवायचं, हा विश्वासघात होतो.

वसईची_आशा
यात एक भर. अत्याचार झालेलं मूल कधी कधी तीच गोष्ट स्वतःचं पाप म्हणून सांगतं. ते पाप नाही हे त्याला तिथल्या तिथं सांगायला हवं. मग कबुलीच्या बाहेर, विश्वासातल्या मोठ्या माणसाला हे सांग, आपण मदत घेऊ, असं समजवायचं. चाइल्ड हेल्पलाइन १०९८.

भायखळा_पूर्व
मेथडिस्टांची पद्धत इथं उपयोगी पडेल. या प्रॉटेस्टंट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली, त्यानं २५ डिसेंबर १७३८ ला छोट्या गटांसाठी, ज्यांना बँड म्हणत, नियम लिहिले. आधार याकोबाच्या पत्रातला, ५:१६: एकमेकांजवळ आपली पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा. आठवड्यातून किमान एकदा भेटायचं, ठरल्या वेळेला यायचं, गीत किंवा प्रार्थनेनं सुरुवात करायची, मग प्रत्येकानं पाळीपाळीनं आपली स्थिती मोकळेपणानं सांगायची. प्रश्न ठरलेले होते. मागच्या भेटीनंतर जाणूनबुजून कोणती पापं केलीस? कोणते मोह आले? त्यांतून कसा सुटलास? असं काही विचारात, बोलण्यात, कृतीत घडलं का, की जे पाप आहे की नाही याची तुला शंका आहे?

बायका आणि पुरुष वेगळे, विवाहित आणि अविवाहित वेगळे. आज हे जुनाट वाटेल, पण मिश्र गटात या गोष्टी उघड्यावर आल्या की त्यांतून नवीनच भानगडी निघतात.

आजच्या गटांत बिघडतं ते असं. पुढारी स्वतः कधी काही सांगत नाही, फक्त ऐकतो. मग तो गट राहत नाही, दरबार होतो. दुसरं, ‘अमक्यासाठी प्रार्थना करा, तो फार अडचणीत आहे’ या वेषात चुगली बाहेर जाते. तिसरं, व्हॉट्सॲप. कुणाचं पाप, अगदी प्रार्थनेची विनंती म्हणूनसुद्धा, ग्रुपवर टाकायचं नाही हा नियम पहिल्याच दिवशी करा. तीन-चार जण पुरतात. दहा झाले की माणसं भाषण करायला लागतात.

बोरिवली_पश्चिम
आमच्याकडच्या उघड साक्षीबद्दल वर थोडा नाराजीचा सूर दिसला. १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जागृती झाली, तेव्हा मुली आणि बायका रडत रडत पापं कबूल करत होत्या. कुणी माइक हातात दिला नव्हता. प्रेषितांची कृत्ये १९:१८ मध्येही इफिसचे लोक आपली कृत्यं उघड सांगतात. पवित्र आत्मा हे करवतो तेव्हा अडवू नये.

गिरगाव_मंडळी
अडवू नये, पण मर्यादा हवी. जुना आणि उपयोगी दंडक असा: पाप जेवढ्या लोकांत घडलं तेवढ्याच लोकांत त्याची कबुली. मनातलं पाप देवाजवळ. एकाविरुद्धचं त्या एकाजवळ, मत्तय ५:२३-२४ प्रमाणे, तेही अर्पण वेदीपाशी ठेवून आधी जाऊन. मंडळीचा पैसा खाल्ला तर मंडळीसमोर. उलटं केलं की इजा होते. ‘मी या बहिणीकडे वाईट नजरेनं पाहत होतो’ असं सभेत सांगणाऱ्याचा भार हलका होतो आणि ती बहीण पुढच्या रविवारपासून चर्चला येत नाही.

बोरिवली_पश्चिम
हे मान्य. दुसऱ्याचं नाव किंवा ओळख पटेल असा तपशील उघड साक्षीत येता कामा नये. पाळकानं साक्ष आधी एकट्यात ऐकून घ्यावी.

प्रश्नचिन्ह
मग लग्नाबाहेरचे संबंध? नवऱ्याला किंवा बायकोला सांगायचं की नाही?

उत्तनकर
कॅथोलिक शिकवणीत फादरला सांगणं बंधनकारक, जोडीदाराला सांगणं सरसकट बंधनकारक नाही. फादर अनेकदा म्हणतात, आधी संबंध पूर्ण तोडा, नंबर काढून टाका, भेटीच्या जागा बंद करा. सांगायचं की नाही हे त्यानंतर शांतपणे ठरवा.

भायखळा_पूर्व
इथं मी ठाम विरोधात आहे. ज्याचा विश्वास मोडला त्यालाच अंधारात ठेवून पश्चात्ताप पूर्ण कसा होईल? रोगाचा धोका असेल तर सांगणं टाळताच येणार नाही, आधी स्वतःची तपासणी करून घ्या. पैसा गेला असेल किंवा मूल झालं असेल तरीही तेच. सांगायचं तर एकदाच आणि पूर्ण सांगा. आज थोडं, महिन्यानं आणखी थोडं असं केलं की दर वेळी जखम नव्यानं उघडते. मात्र शारीरिक तपशील नकोत. ‘किती काळ, कोण, संपलं का’ याची खरी उत्तरं द्या. शक्यतो पाळक किंवा समुपदेशकाशी बोलून, दोघांना वेळ असेल अशा दिवशी. रात्री अकराला, सकाळी तिला सहाची लोकल पकडायची असताना, नाही.

वसईची_आशा
आणि जिथं मारहाणीची शक्यता आहे तिथं? बाईनं कबुली द्यावी आणि जिवानिशी जावं? अशा घरात न सांगणं हे पाप लपवणं नव्हे.

भायखळा_पूर्व
बरोबर. तो अपवाद मी लिहायलाच हवा होता.

दादर_टीटी
मी ख्रिस्ती नाही, पण वाचतोय. आमच्या शेजारचे जैन संवत्सरीला घरोघर येऊन ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतात. ते माणसामाणसांतलं झालं. तुमच्याकडे दावीद राजाचं स्तोत्र आहे ना, ‘तुझ्याविरुद्धच मी पाप केलं’ असं काहीतरी? ज्याला मारलं त्याचं काय?

माहीमकर
@दादर_टीटी, नेमकं बोट ठेवलंत. ५१ वं स्तोत्र. दावीदानं आपलाच सैनिक उरीया याची बायको घेतली आणि त्याला लढाईत पुढं ठेवून मारवलं. मग ‘फक्त तुझ्याविरुद्ध’ कसं? त्याचा अर्थ उरीयाविरुद्ध पाप झालंच नाही असा नाही. माणसावर केलेला प्रत्येक घाव शेवटी देवाच्या न्यायासनासमोर जातो, असा तो सूर आहे. शिवाय २ शमुवेल १२ वाचा. नाथान संदेष्टा राजाला तोंडावर सांगतो, तू हे गुपचूप केलंस, देव याचा निवाडा सगळ्या इस्राएलसमोर करील. क्षमा त्याच प्रसंगी मिळते. परिणाम मात्र टळत नाहीत.

गिरगाव_मंडळी
याच्या जोडीला दोन माणसं ठेवून पाहा. यहोशवा ७ मधला आखान. त्यानं मनाई असलेल्या लुटीतला शिनारी झगा, दोनशे शेकेल रुपं आणि पन्नास शेकेल वजनाची सोन्याची वीट तंबूत पुरली. तो कबूल झाला, पण कधी? वंश, कूळ, घराणं करत चिठ्ठी त्याच्या नावापर्यंत आल्यावर. तोवर तो गप्प उभा होता. पकडल्यावरची कबुली आणि आधीची कबुली यांत अंतर आहे.

दुसरा येशूला धरून देणारा शिष्य यहूदा इस्कार्योत, मत्तय २७. त्याला पस्तावा झाला, ‘मी पाप केलं’ असं तो म्हणाला, तीस रुपयेही परत केले. पश्चात्तापाच्या यादीतलं जवळजवळ सगळं त्यानं केलं. पण गेला कुणाकडे? ज्यांनी त्याला विकत घेतलं होतं त्या याजकांकडे. ‘आम्हाला त्याचं काय?’ हे त्यांचं उत्तर. शिष्य पेत्रानंही त्याच रात्री येशूला तीनदा नाकारलं होतं, पण तो बाकीच्या शिष्यांमध्ये राहिला, आणि प्रभू भेटला तेव्हा पळाला नाही. २ करिंथ ७:१० मध्ये पौल याचाच भेद करतो: देवाप्रमाणे झालेलं दुःख तारणाकडे नेतं, जगाचं दुःख मरणाकडे. म्हणून ज्याला पाप आतून खातंय त्याला एकटं सोडू नका. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर आधी टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. कबुली दुसऱ्या दिवशी करता येते.

चर्चगेट_स्लो
आणि ज्याला प्रत्येक गोष्ट पापच वाटते तो? आठवड्यातून चार वेळा जाणारे असतात.

उत्तनकर
तो वेगळा त्रास. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नाशियस लोयोला यांनाही स्पेनमधल्या मानरेसा इथं हा छळ झाला, सांगितलेली पापं पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटायची. यावर जुना उपाय: एकच कबुली ऐकणारा धरा, दर खेपेला नवा शोधू नका. तो म्हणेल ‘हे पुन्हा सांगू नकोस’ तर सांगायचं नाही. हात धुण्यासारखं ते थांबतच नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडेही जा. दोन्ही बरोबर चालतात.

बोरिवली_पश्चिम
फोनवर कबुली चालते का? लॉकडाउनमध्ये काही जण विचारत होते.

उत्तनकर
संस्कार म्हणून नाही. फोन, व्हिडिओ कॉल, ॲप काहीच चालत नाही, दोघं प्रत्यक्ष हजर हवेत. २०२० मध्ये रोमनं (व्हॅटिकननं) संकटकाळात सामुदायिक पापमुक्तीची, म्हणजे एकेकाची कबुली न ऐकता सगळ्यांना एकदम माफीची, वाट आणि देवावरच्या प्रेमातून आलेल्या पूर्ण पश्चात्तापाची वाट आठवून दिली. त्यातही, शक्य होईल तेव्हा फादरकडे जाईन हा निश्चय लागतोच. सल्ला मात्र फोनवर हवा तेवढा घ्या.

माहीमकर
आता खजिनदाराकडे वळू या का? भरपाईबद्दल अजून कुणी नीट लिहिलेलं नाही.

भायखळा_पूर्व
पवित्र शास्त्रात माप दिलेलं आहे. गणना ५:६-७: पाप कबूल करायचं, मूळ ऐवज पूर्ण परत द्यायचा आणि वर पाचवा हिस्सा घालायचा. ५०,००० चे ६०,०००. जक्कय हा जकातदार लूक १९ मध्ये चौपट देतो. मोशेच्या नियमशास्त्रातला पाचवा हिस्सा आज चर्च सक्तीनं लावत नाही, पण दहा वर्षांत रुपयाची किंमत किती उतरली ते पाहता ६०,००० हा आकडा कमीच आहे.

उत्तनकर
आमच्याकडेही चोरलेलं परत करायची तयारी नसेल तर पापमुक्ती मिळणार नाही. ऐपत नसेल तर हप्त्यानं, पण इरादा खरा हवा. नाव उघड करणं नेहमी आवश्यक नसतं, लिफाफा फादरमार्फतही पोचवता येतो. मालक मेला असेल तर वारसांना, कुणीच सापडत नसेल तर गरिबांना. इथं सर्रास होणारी गफलत म्हणजे लोक ती रक्कम चर्चच्या दानपेटीत टाकतात. मालक माहीत असताना तो पैसा देवालाही देता येत नाही. तो सोसायटीचा आहे, सोसायटीच्या खात्यात गेला पाहिजे, पावतीसह.

माहीमकर
पण गुपचूप लिफाफा पोचवला तर वॉचमनचं काय? त्याच्या नावाला लागलेला डाग तसाच राहतो.

उत्तनकर
म्हणूनच या प्रकरणात निनावी मार्ग बंद आहे. दुसऱ्याचं नाव आपल्यामुळे खराब झालं तर ते स्वच्छ करणं हाही भरपाईचाच भाग. एरवी स्वतःची अब्रू राखायला मुभा असते. इथं ती निरपराध माणसाच्या अब्रूवर उभी आहे.

फोर्ट_चेंबर
व्यवहाराच्या दृष्टीनं क्रम असा ठेवावा. आधी वकिलाला भेटा, ते बोलणं सुरक्षित आहे. लेखी कबुली पुढं पुरावा होऊ शकते हे समजून, तयारीनं लिहा. मग कमिटीला पत्र: रक्कम, साल, ‘वॉचमनचा संबंध नव्हता’ हे स्पष्ट वाक्य, आणि हे सभेच्या इतिवृत्तात नोंदवावं अशी विनंती. चेक सोबत. वॉचमन एजन्सीमार्फत आला असेल तर तिच्या रजिस्टरमध्ये गावचा पत्ता मिळतो. एजन्सीलाही त्याच पत्राची प्रत द्या, कारण पुढच्या नोकऱ्या त्या शेऱ्यामुळेच अडल्या असतील.

वसईची_आशा
आणि त्याच्या बुडालेल्या पगाराची भरपाई वेगळी. किमान दुसरं काम मिळेपर्यंतचे महिने. घरी जाऊन द्या, बायकोमुलांसमोर सांगा. गावात ‘चोर’ हा शब्द त्यांनीही ऐकलेला असणार.

प्रश्नचिन्ह
तो म्हणाला माफ करणार नाही, तर?

गिरगाव_मंडळी
तर ऐकून घ्यायचं. त्याच्या क्षमेवर खजिनदाराचा हक्क नाही. ‘ख्रिस्ती आहेस ना, मग क्षमा कर’ हे वाक्य तोंडातून काढायचं नाही, आणि मध्यस्थीला पाळकाला घेऊन जाऊन त्याच्यावर दबाव आणायचा नाही. पैसे, पत्राची प्रत आणि फोन नंबर ठेवून निघायचं. आठ दिवसांनी ‘विचार केलास का’ म्हणून फोनही नको.

उत्तनकर
सहमत. आणि हे सगळं झाल्यावर मग फादरकडे जाईन असं म्हणत थांबू नका. भरपाईचा पक्का निश्चय झाला की कबुली लगेच करता येते. उलट आधी गेलेलं बरं, पत्र कसं लिहावं याचाही सल्ला तिथंच मिळतो. यंदाच्या, कबुलीसाठी ठेवलेल्या समेट उपासनेची तारीख तुमच्या पॅरिशच्या बोर्डावर लागली असेल. त्या दिवशी बाहेरचे चार-पाच फादर येतात. ओळखीच्या फादरसमोर जीभ रेटत नसेल त्यांनी तोच दिवस धरावा.